लिमिटर, प्री-एम्फसिस आणि स्टिरिओ : ग्वाल्हेरमधील एका सामुदायिक रेडिओ केंद्राच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

लष्कर भागातील आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्राच्या एफएम ट्रान्समीटरची ध्वनिविषयक मांडणी तपासून नव्याने बसवण्याचे काम आज सुरू केले. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सुमारास केंद्रावर संगीताचे तास वाढतात, तोपर्यंत हे काम पुरे व्हावे असा विचार आहे.

श्रोत्यांकडून आलेल्या तक्रारी तीन प्रकारच्या आहेत. निवेदकांच्या बोलण्यातील ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात, ही पहिली. ख्याल चालू असताना मागचा तानपुरा मधूनच बसतो आणि पुन्हा उठतो, ही दुसरी. किल्ल्याच्या पलीकडे, हजिऱ्याच्या बाजूला, गाण्यामागे सतत खरखर ऐकू येते, ही तिसरी. तिन्ही तक्रारींवर ‘ट्रान्समीटरची शक्ती वाढवा’ हाच उपाय सुचवला जातो. परंतु सामुदायिक केंद्राला प्रभावी प्रसारण शक्तीची (ट्रान्समीटरची शक्ती आणि अँटेनाने दिलेली वाढ मिळून) १०० वॅटची आणि अँटेनाच्या उंचीची ३० मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. आपल्या हाती आहे तो ध्वनी, म्हणजे वाहक लहरीवर (ध्वनी वाहून नेणाऱ्या रेडिओलहरीवर) आपण काय आणि किती चढवतो एवढेच. आणि त्यात सुधारणेला पुष्कळ जागा आहे, असे पहिल्या पाहणीवरून वाटते.

सध्याची साखळी साधी आहे. संगणक आणि मायक्रोफोन मिक्सरला जोडलेले आहेत, मिक्सरमधून ध्वनी रॅकमधल्या दोन चॅनेलांच्या कंप्रेसरमध्ये (मोठा आवाज दाबून चढ-उतार कमी करणाऱ्या यंत्रात) जातो आणि तेथून ट्रान्समीटरच्या डाव्या-उजव्या इनपुटमध्ये. ट्रान्समीटर ५० वॅटचा असून स्टिरिओ कोडर (डावा-उजवा ध्वनी एकाच सिग्नलमध्ये गुंफणारा भाग), प्री-एम्फसिस (उंच स्वर वाढवण्याची सोय) आणि शेवटचा लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर रोखणारा भाग) त्याच्या आतच आहेत.

६ नोव्हेंबर

ट्रान्समीटरच्या पॅनेलवरील प्रत्येक मूल्य, काहीही बदलण्यापूर्वी, वहीत उतरवून घेतले. पहिल्या तक्रारीचे कारण त्यातच सापडले: प्री-एम्फसिस ७५ मायक्रोसेकंदांवर ठेवलेले होते.

एफएममध्ये ध्वनीची कंपनसंख्या जितकी जास्त, तितका रेडिओतून येणारा खरखराटही जास्त असतो. म्हणून प्रसारणाच्या टोकाला उंच स्वर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि श्रोत्याचा रेडिओ ते तेवढ्याच प्रमाणात खाली आणतो, म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही खाली येते. हे प्रमाण मायक्रोसेकंदांत सांगतात आणि ते दोन्ही टोकांना एकच असले पाहिजे. अमेरिकेत ते ७५ मायक्रोसेकंद आहे. भारतात आणि युरोपात ५०. परदेशी बाजारपेठेसाठी कारखान्यातून बसवून आलेले मूल्य उभारणीच्या वेळी तसेच राहून गेले असावे. याचा परिणाम कागदावर मांडून पाहिला. ५० मायक्रोसेकंदांना ५ किलोहर्ट्झवर सुमारे ५.४ डेसिबल आणि १५ किलोहर्ट्झवर सुमारे १३.७ डेसिबल इतकी वाढ होते. ७५ मायक्रोसेकंदांना हेच आकडे ८.२ आणि १७.१ होतात. म्हणजे आमच्या श्रोत्याच्या रेडिओत ‘स’, ‘श’, झांज आणि तबल्याची चाट या सगळ्यांना जवळजवळ ३ डेसिबल फाजील जोर मिळत होता.

तोटा केवळ कर्कशपणाचा नाही. आतला लिमिटर प्री-एम्फसिसनंतर काम करतो, त्यामुळे वाढवलेल्या प्रत्येक ‘स’ला तो दचकून सगळाच आवाज खाली ओढत होता. मूल्य ५० मायक्रोसेकंदांवर आणले. रॅकमधील कंप्रेसरला प्री-एम्फसिसची सोय नाही, हे एका परीने बरेच आहे. ही वाढ साखळीत एकाच ठिकाणी व्हायला हवी, आणि आता ती फक्त ट्रान्समीटरमध्ये होते.

९ नोव्हेंबर

रात्री प्रसारण संपल्यावर ट्रान्समीटर अँटेनावरून काढून डमी लोडवर (शक्ती हवेत न सोडता जिरवणाऱ्या रोधकावर) घेतला. चाचणीचे सूर हवेत जाऊ नयेत, हा नियम या कामात शेवटपर्यंत पाळायचा आहे.

लिमिटरला हात लावण्याआधी डेव्हिएशन (ध्वनीमुळे वाहक लहरीची कंपनसंख्या मूळ जागेपासून किती सरकते ते) दाखवणारा मीटर खरे बोलतो का, हे पाहणे आवश्यक होते. कमाल मर्यादा ±७५ किलोहर्ट्झ आहे, आणि मीटरच कमी दाखवत असेल तर त्यावर बेतलेला लिमिटर कितीही काटेकोर असला तरी व्यर्थ. यासाठी बेसेल शून्याची जुनी आणि विश्वासाची रीत वापरली. एकाच शुद्ध सुराने एफएम वाहक लहर हलवली असता, डेव्हिएशन आणि सुराची कंपनसंख्या यांचे गुणोत्तर २.४०५ झाले की मधली वाहक रेषा स्पेक्ट्रममधून नाहीशी होते. गुणोत्तर वाढवत नेले की ती परत येते आणि ५.५२० ला दुसऱ्यांदा नाहीशी होते. ७५ ला ५.५२० ने भागले की १३.५८७ किलोहर्ट्झ येतात. स्टिरिओ, पायलट (स्टिरिओची खूण म्हणून रेडिओला पाठवला जाणारा सूर) आणि प्री-एम्फसिस तिन्ही बंद करून हा सूर शून्यापासून हळूहळू वाढवला. ट्रान्समीटरच्या नमुना-टोकाला ॲटेन्युएटरमार्फत (सिग्नल क्षीण करणाऱ्या भागातून) यूएसबी एसडीआर रिसीव्हर (संगणकावर चालणारा रेडिओ) जोडून स्पेक्ट्रम लॅपटॉपच्या पडद्यावर पाहत होतो. वाहक रेषा एकदा मावळली (हे ३२.७ किलोहर्ट्झ), पुन्हा उभी राहिली आणि दुसऱ्यांदा मावळली, त्या क्षणी डेव्हिएशन नेमके ७५ किलोहर्ट्झ होते. पॅनेलवरचा मीटर तेव्हा ७२ दाखवत होता.

ही तपासणी प्रत्येक लहान केंद्राने वर्षातून एकदा करावी असे माझे ठाम मत आहे. तिला महागडे मापनयंत्र लागत नाही आणि तिचा निकाल कोणत्याही मीटरच्या अचूकतेवर अवलंबून नसतो, कारण शून्य कोठे येणार हे गणिताने ठरलेले असते.

यानंतर ४०० हर्ट्झचा सूर घेऊन पातळ्या जुळवल्या. मिक्सरच्या पातळीदर्शकावर ० व्हीयू असताना डेव्हिएशन ३० किलोहर्ट्झ, म्हणजे कमाल मर्यादेच्या ८ डेसिबल खाली, राहील असा इनपुट गेन (आत येणाऱ्या आवाजाला दिलेली वाढ) ठेवला. पूर्वी तो बराच चढा होता आणि साधे बोलणे चालू असतानाही लिमिटर सतत दाबलेला राहत असे.

१० नोव्हेंबर

उजव्या चॅनेलमध्ये ५० हर्ट्झची बारीक गुणगुण होती. संगणकाच्या ऑडिओ आउटपुटला विलगीकरण ट्रान्सफॉर्मर लावल्यावर ती गेली.

१४ नोव्हेंबर

आजचा दिवस लिमिटरचा होता, आणि या प्रकल्पातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम हेच आहे.

लिमिटर हा मर्यादेवरचा पहारेकरी आहे. आवाज मोठा करण्याचे यंत्र म्हणून तो वापरला की संगीताची हानी सुरू होते. १९७० च्या दशकापासून व्यापारी एफएम केंद्रांमध्ये आपला आवाज शेजारच्या केंद्रापेक्षा मोठा वाटावा अशी चढाओढ लागली आणि ध्वनी दाबून सपाट करणे हीच अनेक ठिकाणी रीत झाली. चित्रपटगीतांना ते काही प्रमाणात मानवते, कारण ती ध्वनिमुद्रणातच बरीचशी दाबलेली असतात. आमच्या केंद्रावर मात्र ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल वाजतो. विलंबित तिलवाडा तालात संथपणे पसरणारा बेहलावा (स्वरविस्तार) आणि पुढे खुल्या आवाजात तीन सप्तकांतून सरळ उतरणारी सपाट तान यांच्यातील अंतर हाच त्या गायकीचा प्राण आहे, आणि दोन्ही एकाच उंचीचे करून पाठवले तर श्रोत्याला स्वर मिळतील, गायकी मिळणार नाही.

ऐकण्यासाठी संगीत महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या शिक्षिकांना, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, स्टुडिओत बोलावले होते. ट्रान्समीटर डमी लोडवर होता आणि ताई रेडिओवर ऐकत होत्या. विलंबित ख्यालाचे एक ध्वनिमुद्रण जुन्या मांडणीतून वाजवले तेव्हा ताईंनी लगेच हात वर केला.

“हे पाहा, बायाँवर घुमारा पडला की तानपुरा पाण्यात बुडतो, आणि पुढची मात्रा येईपर्यंत पुन्हा वर येतो. गाणाऱ्याचा आधारच हलतो आहे.”

निरीक्षण अचूक होते. जुन्या मांडणीत कंप्रेसर आणि लिमिटर दोन्ही संपूर्ण ध्वनिपट्ट्याला एकाच वेळी दाबत होते. बायाँच्या खर्जातील एका आघाताने गेन ६ ते ८ डेसिबल खाली जाई आणि तबल्याबरोबर तानपुराही खाली जाई. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) दीड-दोन सेकंदांचा असल्यामुळे, विलंबित लयीतल्या दोन मात्रांमधील मोकळ्या जागेत तो सावकाश वर येताना स्पष्ट ऐकू येत असे. द्रुत लयीत आघात जवळजवळ असल्याने गेनला वर यायला सवडच मिळत नाही, म्हणून तेथे हा दोष लपतो. केवळ बोलण्यावर आणि चित्रपटगीतांवर मांडणी बेतली तर तो कधीच कळत नाही.

प्रथम रिलीज अगदी लहान करून पाहिला. तानपुऱ्याचे डोलणे थांबले, पण त्याच्या खर्जाच्या तारेला करकरीतपणा आला. काळी एकमध्ये मिळवलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे त्याचे एक कंपन सुमारे साडेचौदा मिलिसेकंदांचे. रिलीज त्याच्या जवळपास आला की गेन प्रत्येक कंपनाच्या आतच वरखाली होतो आणि लिमिटर स्वराचा आकारच बदलू लागतो. “आता तार चिरकते आहे,” असे ताईंनी सांगितले, आणि ऑसिलोस्कोपवरही तेच दिसत होते.

शेवटी कामाची विभागणी केली. रॅकमधील कंप्रेसरला सौम्य आणि संथ काम दिले: दाबाचे गुणोत्तर २:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, रिलीज सुमारे ३ सेकंद, आणि सरासरी दाब ३ डेसिबलपेक्षा जास्त नाही. त्याच्या साइड-चेनमध्ये (किती दाबायचे हे ज्यावरून ठरते त्या वाटेत) इक्वलायझर घालून १५० हर्ट्झखालचा भाग कापला, त्यामुळे कंप्रेसर आता गायकाच्या आवाजाकडे पाहून चालतो, बायाँच्या घुमाऱ्याकडे पाहून नव्हे. मेक-अप गेन (दाबानंतर भरपाई म्हणून दिलेली वाढ) ४ डेसिबलच ठेवला. त्याहून जास्त ठेवला तर दोन आलापांमधील शांततेत जुन्या टेपचा फसफसाट पुढे येतो. ट्रान्समीटरच्या आतला लिमिटर केवळ शिखरांसाठी राखला: अटॅक १ मिलिसेकंद, रिलीज १५० मिलिसेकंद, आणि अधूनमधूनच २-३ डेसिबल दाब. इतके करूनही तबल्याच्या जोरदार आघातावर तानपुरा किंचित हलतोच, पण ताईंच्या मते तो आता गाण्याच्या आड येत नाही.

केंद्राचा आवाज रेडिओवर पूर्वीपेक्षा थोडा लहान वाटेल. हे मी व्यवस्थापन समितीला लेखी कळवले आहे आणि तोच निर्णय योग्य का आहे हेही लिहिले आहे.

१७ नोव्हेंबर

दोन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली म्हणजे डाव्या आणि उजव्या लिमिटरचे जोडलेपण, म्हणजे दोघांनी एकत्रच दाबणे. ते बंद होते. मैफिलीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात तबला बहुधा एका बाजूला आणि हार्मोनियम किंवा सारंगी दुसऱ्या बाजूला असते. चॅनेल स्वतंत्र असले तर तबल्याच्या आघाताने फक्त त्याच्याच बाजूचा गेन खाली जातो आणि मध्यभागी बसलेला गायक क्षणभर हार्मोनियमकडे सरकतो. कंप्रेसर आणि लिमिटर दोन्ही जोडलेल्या स्थितीत ठेवले.

दुसरी गोष्ट १५ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी अडवणाऱ्या फिल्टरची. शिखरे कापल्यावर ध्वनी फिल्टरमधून गेला की त्यातील वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले सूर) निघून जातात आणि उरलेली लहर कापलेल्या उंचीच्या वर उसळू शकते. चौकोनी लहरीतील मूळ स्वर त्या लहरीच्या उंचीच्या १.२७ पट असतो, यावरून उसळी किती मोठी असू शकते याचा अंदाज यावा. म्हणून लिमिटरची मर्यादा ७५ च्या काठावर न ठेवता, पायलट धरून एकूण ७२ किलोहर्ट्झवर शिखरे थांबतील अशी ठेवली. मीटर जवळपास ४ टक्के कमी दाखवत असल्याने पॅनेलवर हा आकडा ६९ दिसतो; मीटरशेजारी तशी पट्टी चिकटवली आहे.

२१ नोव्हेंबर

आज स्टिरिओ कोडर तपासला. १९६१ साली अमेरिकेत मान्य झालेली पायलट-टोन पद्धतच आजही एफएममध्ये चालते. दोन्ही बाजूंची बेरीज १५ किलोहर्ट्झपर्यंतच्या जागेत साधी जाते, म्हणून एका स्पीकरच्या रेडिओलाही पूर्ण कार्यक्रम मिळतो. वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसून २३ ते ५३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जाते, आणि तिची उकल रेडिओला करता यावी म्हणून १९ किलोहर्ट्झचा पायलट सोबत पाठवतात.

पायलट कमाल डेव्हिएशनच्या ८ ते १० टक्क्यांच्या आत असावा लागतो. तो ९ टक्क्यांवर, म्हणजे ६.७५ किलोहर्ट्झवर बसवला. मग ध्वनीसाठी ६८.२५ किलोहर्ट्झ उरतात. केवळ डाव्या बाजूला पूर्ण पातळीचा सूर दिला किंवा दोन्ही बाजूंना सारखाच दिला, तरी एकूण शिखर तेवढेच राहते, कारण पहिल्या स्थितीत बेरीज निम्मी होते आणि ती जागा वजाबाकी भरून काढते. हे मीटरवर पडताळून पाहिले.

दोन बाजूंचे विलगीकरण तपासण्यासाठी पायलट आणि प्री-एम्फसिस बंद करून फक्त डाव्या चॅनेलला १ किलोहर्ट्झचा सूर दिला आणि संयुक्त सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहिला. या लहरीला मधोमध एक आधाररेषा असते आणि बेरीज-वजाबाकी अचूक जुळलेली असेल तर ती अगदी सरळ दिसते. आमच्याकडे तिला शिखराच्या उंचीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका फुगवटा होता. हा फुगवटा म्हणजेच दुसऱ्या बाजूला झिरपणारा आवाज. पन्नासावा भाग म्हणजे ३४ डेसिबल. वजाबाकीचा गेन किंचित वाढवल्यावर फुगवटा शंभराव्या भागाच्या आत आला आणि विलगीकरण ४० डेसिबलच्या पलीकडे गेले. घरच्या रेडिओवर त्याहून अधिकाची आवश्यकता नाही.

केबलची ध्रुवताही पाहिली, ती दोन्ही बाजूंना सारखी आहे. एका बाजूची उलटी असती तर स्टिरिओवर आवाज केवळ पसरट वाटला असता, पण मोनो रेडिओवर निवेदकाचा आवाज जवळजवळ नाहीसाच झाला असता.

२६ नोव्हेंबर

नवी मांडणी हवेत गेल्यानंतर आज शहरात फिरून ऐकले. सोबत एक कारचा रेडिओ आणि एक खिशातला मोनो रेडिओ होता. लष्करात, महाराज बाड्याच्या परिसरात आणि पुढे फूलबागेपर्यंत स्टिरिओ स्वच्छ आहे. ठाठीपूरला किंचित खरखर आहे. हजिऱ्यात, तानसेनाच्या समाधीजवळ, स्टिरिओ ऐकवत नाही. त्याच जागी मोनो रेडिओवर कार्यक्रम सुबोध आणि शांत आहे.

कारण भूगोलात आहे. किल्ल्याची टेकडी सुमारे ३ किलोमीटर लांब आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा जवळजवळ १०० मीटर उंच आहे, आणि आमची अँटेना ३० मीटरच्या आत. टेकडीच्या सावलीत सिग्नल क्षीण होतो, शिवाय कडे आणि इमारतींवरून परावर्तित झालेली लहर उशिरा येऊन मूळ लहरीत मिसळते. या दोन्हींचा मार वरच्या पट्ट्यावर, म्हणजे जेथे स्टिरिओची वजाबाकी बसलेली असते तेथे, अधिक पडतो. स्टिरिओ ऐकताना मोनोच्या तुलनेत खरखर सुमारे २० डेसिबलने वाढते, आणि २० डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात १०० पट. हजिऱ्यातील श्रोत्याला स्टिरिओत मोनोइतकी शांतता द्यायची तर ५० वॅटऐवजी ५,००० वॅट लागतील.

समाधीजवळ राहणारे एक आजोबा आमचे नियमित श्रोते आहेत. त्यांना त्यांच्या रेडिओवरील स्टिरिओचे बटण बंद करून दाखवले. “अहो, हे आधी कोणी सांगितले नाही,” असे ते म्हणाले. ही सूचना आता रोज सकाळच्या निवेदनात द्यायची आहे. मात्र पुष्कळ रेडिओंना असे बटण नसते, म्हणून केवळ श्रोत्यावर हे सोडून चालणार नाही.

२ डिसेंबर

संग्रहातील ध्वनिमुद्रणे तपासली. लष्करातील संगीतप्रेमी घरांतून मिळालेल्या स्पूल आणि कॅसेटवरून उतरवलेले खासगी बैठकींचे गाणे हा आमच्या केंद्राचा सर्वांत मोलाचा ठेवा आहे, आणि त्यातील बहुतेक सगळे मुळात मोनो आहे. तरीही ते दोन चॅनेलांच्या फाइलमध्ये साठवलेले असल्याने आजवर पायलटसह, स्टिरिओ म्हणून जात होते. अशा वेळी श्रोत्याला स्टिरिओचा काहीच लाभ होत नाही. वजाबाकीच्या पट्ट्यात काही नसते, पण पायलट पाहून रेडिओ तो पट्टा उघडतो आणि त्यातली खरखर मात्र आत घेतो.

त्याहून सूक्ष्म दोष उतरवून घेण्यातला आहे. मोनो टेप स्टिरिओ हेडवर वाजवताना हेडचा कोन जरा चुकलेला असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा किंचित मागे राहते. हा फरक ५० मायक्रोसेकंदांचा असला तरी बेरजेत १० किलोहर्ट्झचा स्वर पूर्णपणे कटतो आणि त्याच्या आसपासचे स्वर मंदावतात. तानपुऱ्याच्या जवारीतला उजळपणा अशा फाइलींमध्ये मोनो रेडिओवर हरवत होता. म्हणून अशा प्रत्येक ध्वनिमुद्रणाची दोनांपैकी स्वच्छ बाजू निवडून तीच दोन्ही चॅनेलांना द्यायची, असे ठरवले. कामाला वेळ लागेल. स्टुडिओ सांभाळणाऱ्या मावशींनी सर्वांत आधी समारोहाच्या आठवड्यात वाजणाऱ्या फाइली घेतल्या आहेत.

७ डिसेंबर

संग्रहातील गाणे, वार्तापत्र, शेती आणि आरोग्यविषयक चर्चा हे सगळे आजपासून मोनोमध्ये, पायलट बंद करून, प्रसारित होते. नव्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांच्या मैफिलीच्या तासाला तेवढा पायलट चालू करायचा. हा बदल दोन कार्यक्रमांमधील शांततेत करावा, चालू कार्यक्रमात करू नये, अशी सूचना ड्यूटीच्या वहीत लिहिली आहे. पायलट बंद असताना ध्वनीला ६८.२५ ऐवजी ७५ किलोहर्ट्झपर्यंत जागा मिळते, म्हणजे सुमारे ०.८ डेसिबल, ती जागा आवाज वाढवण्यासाठी न वापरता मोकळीच ठेवली आहे, त्यामुळे मोनो आणि स्टिरिओ यांच्यात अदलाबदल करताना पातळी बदलत नाही आणि लिमिटरला हात लावावा लागत नाही.

हजिऱ्यातून आज दुपारी फोन आला. संग्रहातील एक टप्पा (गायनप्रकार) चालू होता आणि खरखर जवळजवळ गेली असल्याचे आजोबांनी कळवले. ठाठीपूरच्या एका श्रोत्याने मात्र आवाज लहान झाल्याची तक्रार केली. त्यांना रेडिओचा आवाज थोडा वाढवून ऐकण्याची विनंती केली आणि कारण समजावून सांगितले.

अंतिम मूल्ये छापून रॅकच्या दाराच्या आतील बाजूस लावली आणि पॅनेलला पासवर्ड घातला. ५७ किलोहर्ट्झवरील आरडीएस (रेडिओच्या पडद्यावर केंद्राचे नाव वगैरे दाखवणारी सोय) सध्या बंदच राहील, कारण त्यासाठी डेव्हिएशनमधील जागा पुन्हा वाटून घ्यावी लागेल. बेसेल शून्याची पुढची तपासणी एप्रिलमध्ये, उन्हाळा चढण्यापूर्वी करायची आहे, आणि कडक उन्हाळ्यात ट्रान्समीटरच्या खोलीचे तापमान वाढल्यावर ती पुन्हा करून मीटरचा फरक ४ टक्क्यांवरच राहतो का, हे पाहायचे आहे.